उत्तर कोपऱ्यातली खोली

अल ऐनच्या बाहेर, खजुरीच्या बागांना लागून एक मातीचा किल्ला आहे. त्याच्या उत्तर कोपऱ्यात एक बिनखिडकीची खोली आहे. तिच्या दाराशी लावलेल्या पाटीवर तीसेक वर्षं अरबीत आणि इंग्रजीत ‘कैदखाना’ असं लिहिलेलं होतं. ते खोटं होतं आणि ते मी लिहिलं होतं. खोटं आहे हे कळल्यावरही मी ते तसंच राहू दिलं. पुढे त्याहून वाईट एक काम केलं, जे मी बायकोलाही सांगितलं नाही. ती गेली. माझे त्या वेळचे साहेबही गेले. आता मी चौऱ्याहत्तर वर्षांचा आहे आणि जे झालं ते झालं तसं लिहितो आहे.

मला हे करायला लावलं माझ्या नातीच्या चार्टपेपरने.

बायको गेल्यापासून मी मुलीकडे अल ऐनलाच राहतो. नात दहा वर्षांची. मी मराठीत विचारतो, ती इंग्रजीत उत्तर देते आणि आमचं चांगलं जमतं. एका दुपारी ती डायनिंग टेबलावर मोठा चार्टपेपर पसरून बसली होती. शाळेची सहल किल्ल्यावर जाऊन आली होती आणि त्यावर प्रोजेक्ट करायचा होता. कागदावर एक बुरूज, आत साखळदंडात बांधलेला दाढीवाला माणूस, आणि बाहेर पिवळं हेल्मेट घालून टेप धरलेला एक टकलू. टकलू मी होतो. वर मोठ्या इंग्रजी अक्षरांत शीर्षक: ‘माझ्या आजोबांनी तुरुंग शोधला.’

“आजोबा, चेक माय स्पेलिंग्ज.”

“हे तुला कोणी सांगितलं?”

“मम्माने. यू मेड द ड्रॉइंग्ज, राइट? सो यू फाउंड इट.” मग रंग भरता भरताच ती म्हणाली, “वन गर्ल इन माय क्लास वॉज सो मॅड. ती म्हणाली, दॅट्स हर फॅमिलीज हाउस. देअर वॉज नो जेल.”

“मग?”

“मिसने तिला बोर्ड दाखवला. इट्स ऑन द बोर्ड, आजोबा.”

“मग ती काय म्हणाली?”

“नथिंग. शी डिडन्ट ईट हर लंच.”

मी उठून माझ्या खोलीत गेलो आणि कपाटाच्या तळाशी ठेवलेली हिरव्या कापडाच्या पुठ्ठ्याची वही काढली. ती माझी मोजणीची वही. तिच्यात काय लिहिलंय ते मला पाठ होतं. तरी काढली.

आधी त्या घराविषयी सांगायला हवं. हो, घरच म्हणतो आता.

सगळ्यांत जुना आहे पश्चिमेचा गोल बुरूज. किती शतकांचा, याचा कागद कुणाकडे नाही. पायातल्या विटा बाकीच्या विटांपेक्षा जाड आणि लहान आहेत, एवढं मी हाताने मोजलेलं आहे. तो बांधला पाण्यासाठी. डोंगराकडून जमिनीखालून येणारा पाट तिथे उघड्यावर येतो आणि बागांत शिरतो. पाट ज्याच्या ताब्यात, त्याची बाग. म्हणून पाण्यावर नजर ठेवायला बुरूज. कित्येक पिढ्या तो एकटाच उभा होता. लढाईचं सावट आलं की लोक शेळ्या-मेंढ्यांसह त्याच्या सावलीला यायचे आणि ते टळलं की परत जायचे. मग त्या भागातल्या एका मोठ्या शेख घराण्याने तो ताब्यात घेतला, चार बाजूंनी तट घातला, तीन कोपऱ्यांत आणखी बुरूज उभे केले. तोवर तो किल्ला होता.

पण माणसं आत राहायला लागली की भिंतींचं ऐकत नाहीत. तटाला आतून टेकून एकेक खोली उठत गेली. लेकाचं लग्न झालं, खोली वाढली. दरवाज्याजवळ पाहुण्यांची मजलिस झाली. वर वाऱ्यासाठी उघडी गच्चीवजा खोली झाली, तिच्यात बायका उन्हाळ्यात बसायच्या. बंदुका डागायला तटात ज्या अरुंद फटी ठेवतात, ज्यांना आपण जंग्या म्हणतो, त्यांतल्या काही आतल्या बाजूने मातीने लिंपून कोणीतरी कोनाडे केले आणि त्यांत कॉफीचे कप ठेवले. तीन-चार पिढ्या त्या घराण्याची बाळंतपणं, लग्नं, मयतं त्या तटाच्या आत झाली. पुढे तेलाचा पैसा आला, नवी घरं आली, एसी आले. घराणं तिथून हललं. किल्ल्यात शेळ्या राहिल्या. मग छताचे खजुराचे ओंडके खाली यायला लागले आणि जुन्या वास्तू सांभाळणाऱ्या सरकारी खात्याने दुरुस्तीचं काम काढलं.

ते काम आमच्या कन्सल्टन्सीला मिळालं. ऑफिस शारजाच्या औद्योगिक क्षेत्रात, एका गॅरेजच्या वर. साहेब पुण्याचे, मी कोल्हापूरकडचा ड्राफ्ट्समन. आम्ही दोघं एकमेकांशी मराठीत बोलायचो आणि बाकी सगळ्या जगाशी हिंदीत. किल्ल्याची मोजणी माझ्याकडे होती. टेप, ओळंबा, लेव्हलची नळी आणि ही हिरवी वही. माझी पद्धत अशी, की जागेवर वहीत कच्चं काढायचं, दोन्ही कर्ण मोजून ताळा घ्यायचा, आणि जे दिसतं, हाताला लागतं, ते शेजारी मराठीत दोन ओळींत टिपायचं. मग शारजाला येऊन ट्रेसिंग पेपरवर शाईने पक्कं ड्रॉइंग, त्यावर इंग्रजीत सुबक अक्षरं. वहीतलं मराठी ड्रॉइंगवर कधीच जात नसे. ते माझ्यापुरतं.

माझं गाव किल्ल्याच्या पायथ्याचं. पाहुणे आले की गावातलं कोणीही त्यांना वर न्यायचं आणि दाखवायचं: हा बुरूज, ही देवडी, हे दारूकोठार, आणि जी अंधारी, बिनखिडकीची खोली असेल ती कैदखाना. तिथे कोण कैदेत होतं हे सांगणाऱ्यावर अवलंबून असे. मी त्याच डोळ्यांनी अल ऐनच्या त्या तटात शिरलो. कॉफीच्या कपांच्या कोनाड्यांना मी वहीत ‘बुजवलेली जंगी’ असं लिहिलंय. नऊ ठिकाणी. एकदाही ‘कोनाडा’ लिहिलेलं नाही.

उत्तर कोपऱ्यातल्या खोलीत शेळ्यांच्या लेंड्या, पडकी माती आणि वटवाघळं होती. खिडकी नाही. दार जाड फळ्यांचं, आणि कडी बाहेरून. मी कोपऱ्यात हातभर जागा खरवडली, तर खाली गिलावा केलेली जमीन लागली आणि ती सपाट नव्हती. उसाच्या रानात असतो तसा सरी-वरंबा, पण पक्का, गुळगुळीत. सरीत काळा, घट्ट थर. बोटाने उकरला आणि नाकाशी नेला. मग वहीत लिहिलं. ते पान आज माझ्यासमोर आहे: ‘उत्तर कोपरा. आठ फूट बाय अकरा. खिडकी नाही. कडी बाहेरून. जमिनीत पन्हळी, उतार दक्षिणेला. काळा चिकट थर. वास काकवीसारखा.’

काकवीसारखा. माझ्या चुलत्यांचं गुऱ्हाळ होतं. तो वास मला कुठेही ओळखू आला असता आणि आलाही. पण गुऱ्हाळ गावात असतं आणि मी तर किल्ल्यात उभा होतो. नाकाने सांगितलेलं डोक्याने ऐकलं नाही.

शारजाला ड्रॉइंग करताना साहेब मागे येऊन उभे राहिले.

“या खोलीला नाव नाही?”

“काय लिहू साहेब? खिडकी नाही. कडी बाहेरून आहे.”

“अहो, मग कैदखाना! कोल्हापूरचे ना तुम्ही? मी म्हणतच होतो, एवढा किल्ला आणि कैदखाना नाही, असं कसं होईल?”

मी लिहिलं. साहेब खूश झाले. अहवालात त्या खोलीचं एक स्वतंत्र पान झालं. साहेबांना पन्हळींविषयी मी बोललो नव्हतो, हे इथे स्पष्ट लिहितो. त्यांना त्या ठाऊक असत्या तर ते कदाचित थांबले असते. तेव्हा त्यांच्यावर काही ढकलता येणार नाही.

काम सुरू झालं. गवंड्यांचा मुकादम एक पठाण होता, मातीच्या कामात त्याच्यासारखा हात मी पुन्हा पाहिला नाही. आम्ही त्याला मिस्त्री म्हणायचो. एका सकाळी दरवाज्याशी मोठी गाडी थांबली आणि ड्रायव्हरचा हात धरून एक बाई उतरल्या. वय पन्नाशीचं, चेहऱ्यावर तिकडच्या जुन्या बायका घालतात तसा सोनेरी झाक असलेला ताठ मुखवटा. त्या याच घराण्यातल्या, याच किल्ल्यात जन्मलेल्या. मिस्त्रीने पटकन प्लॅस्टिकची खुर्ची आणून पुसली. त्या बसल्या नाहीत. सगळ्या खोल्यांतून फिरल्या, भिंतींना हात लावत. उत्तरेच्या खोलीशी थांबल्या. दारावर मी खडूने ड्रॉइंगमधलं नाव आणि नंबर लिहिला होता. त्यांनी ड्रायव्हरला विचारलं, काय लिहिलंय. त्याने सांगितलं.

त्या माझ्याकडे वळल्या. जुन्या पिढीतल्या लोकांना येते तशी मोडकी हिंदी त्यांना येत होती.

“ये कौन लिखा?”

“मैंने, मॅडम.”

“तुम को कौन बोला, इधर जेल है?”

मग त्या हसल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. मला इंजिनियर समजून त्यांनी अरबीत हाक मारली, मुहंदिस.

“मुहंदिस, ये मदबसा है. इधर खजूर रखता, बोरी के ऊपर बोरी. दरवाजा बंद, बहुत गरम. खजूर का पानी निकलता, नीचे जाता, उधर मटका में.” त्यांनी दक्षिणेच्या भिंतीकडे हात केला. “दिब्स. मीठा. पूरा साल पूरा घर खाता. ये मेरा माँ का काम. चाबी मेरा माँ के पास. शेख भी पूछ के अंदर आता.”

मिस्त्री हसला. “देखा साहब? जेलर अम्मा थी.”

“और मेरा माँ जेल में था क्या?” त्या मला म्हणाल्या. “सारा दुनिया पढ़ेगा. ये लिखना बदलो. बदलेगा?”

“बदलेंगे, मॅडम. इन्शाल्ला.”

“इन्शाल्ला,” त्या म्हणाल्या, आणि खुर्चीवर न बसताच गेल्या.

त्या दिवशी संध्याकाळी मला वहीतलं पान आठवलं आणि सगळं लखकन जुळलं. पन्हळी, उतार, बाहेरची कडी, वास. त्या क्षणापासून मला माहीत होतं.

पण ड्रॉइंग खात्याकडून सही होऊन आलं होतं. साहेबांनी बैठकीत त्या पानाबद्दल शाबासकी मिळवली होती. आता त्यांना जाऊन सांगायचं, की तुमच्या अहवालातलं सर्वांत आवडलेलं पान चुकलंय आणि चूक माझी आहे? माझा व्हिसा त्यांच्या हातात होता, मुलगी शाळेत होती. पुढच्या आठवड्यात सांगू असं ठरवलं. पुढच्या आठवड्यात मजुरांनी ती खोली साफ केली आणि जमीन पूर्ण उघडी पडली. भिंतीपासून भिंतीपर्यंत सरी-वरंबा, दक्षिणेला आडवी पन्हळ, कोपऱ्यात जमिनीत पुरलेल्या रांजणाचं तोंड. इतकी देखणी जमीन मी त्या किल्ल्यात दुसरी पाहिली नाही. आणि दोन दिवसांनी खात्याची समिती पाहणीला येणार होती. कुणीही विचारलं असतं, कैदखान्यात ही जमीन कशाला?

मी मिस्त्रीला बोलावलं. “इसको भर के लेव्हल करो. ऊपर चुने का प्लास्टर. चार उंगली.”

तो जमिनीकडे बघत राहिला. “साहब, ये तो वो अम्मा का है. आप ने इन्शाल्ला बोला था.”

“मैंने बोला, भरो.”

“मटके का मुँह भी?”

“वो भी.”

“आप का हुकुम,” तो म्हणाला. आणि फावडं उचलता उचलता, माझ्याकडे न बघता, “घर किसी का, हुकुम किसी का.”

कुठलंही काम चाललं की शेवटपर्यंत शेजारी उभं राहणं ही माझी पद्धत. त्या दिवशी मी उभा राहिलो नाही. पश्चिमेच्या बुरुजावर जाऊन काही कारण नसताना पुन्हा मोजणी घेत बसलो. संध्याकाळी खोलीची जमीन सपाट आणि ओली होती. रोजच्या अहवालात मी लिहिलं, ‘उंचसखल जमीन समतल केली.’ हे माझं दुसरं काम, ज्याविषयी सुरुवातीला म्हटलं.

किल्ला लोकांसाठी उघडला. कैदखान्यात कुणीतरी साखळदंड आणून टांगले. गाइड सांगायचे, इथे माणसं कोंडत. मी बायको-मुलीला घेऊन एकदाच गेलो. मुलगी तेव्हा दहा वर्षांची होती, ती साखळीला हात लावून मला म्हणाली, “बाबा, हे तुम्ही शोधलं?” मी “हो” म्हणालो. तीच गोष्ट तिने आपल्या मुलीला सांगितली. खोटं कसं पुढे जातं ते मला वाचून कळलेलं नाही, माझ्याच घरात पाहिलं.

तर चार्टपेपर. मी वही घेऊन टेबलाशी परत आलो आणि नातीला सांगितलं. सगळं. जमीन भरली तेही.

ती पेन्सिल चावत ऐकत होती. “सो यू लाइड?”

“हो.”

“टू दॅट लेडी?”

“तिच्याशी, साहेबांशी, तुझ्या आईशी. सगळ्यांशी.”

“ओके.” तिने चित्रातल्या टकलूकडे पाहिलं. “बट आजोबा, इट्स ड्यू ऑन मंडे.”

मुलगी इस्पितळातल्या नोकरीवरून आली तेव्हा तिला सांगितलं आणि हेही सांगितलं, की मी खात्याच्या ऑफिसात जाऊन लेखी देणार आहे. ती पर्स खांद्यावरच ठेवून उभी राहिली.

“बाबा, तुम्ही आता माझ्या व्हिसावर आहात. सरकारी ऑफिसात जाऊन स्वतःहून सांगणार, की मी हेरिटेजची वाट लावली?”

“वाट लावली असं नाही लिहिणार. जमीन बुजवली असं लिहिणार.”

“जोक करू नका. कोणी विचारलंय तुम्हाला? थर्टी इयर्स झाली. खलास ना आता.”

“एक मुलगी जेवली नाही,” मी म्हणालो.

तिने नातीकडे पाहिलं. नात म्हणाली, “शी गेव्ह मी हर सँडविच, मम्मा. आय एट इट.” आणि आपण काहीतरी चुकीचं सांगितलं असं वाटून पुन्हा रंग भरायला लागली. मुलगी खुर्चीवर बसली. पर्स खाली ठेवून म्हणाली, “मी बुधवारी हाफ डे घेते. तुम्ही एकटे गेलात तर काहीतरी जास्तच बोलून याल.”

ऑफिसातली अधिकारी बाई तिशीची, इथलीच, अमिराती, इंग्रजी बोलणारी. किल्ल्याचं सगळं प्रदर्शन नव्याने होत होतं आणि ते तिच्याकडेच होतं. मी बोललो, तिने मध्ये न बोलता ऐकलं. मग सांगितलं, की नव्या पाट्यांचा मजकूर छापायला गेलाय, उद्या दुपारी शेवटची मंजुरी. त्यात त्या खोलीचं नाव ‘कैदखाना’च आहे, कारण माझ्या सहीचं ड्रॉइंग हाच एकमेव पुरावा. घराण्यातल्या एका म्हाताऱ्या बाई दर दोन-तीन वर्षांनी कुणाकडून तरी पत्र लिहून पाठवतात, की तो मदबसा आहे. दर वेळी फाइल काढली जाते, ड्रॉइंग पाहिलं जातं आणि फाइल परत ठेवली जाते.

“त्या अजून आहेत?” मी विचारलं.

“आहेत. आणि तुमच्याकडे पुरावा काय आहे? तोंडी आठवण त्यांच्याकडेही आहे.”

मी वही पुढे केली. तिला मराठी कुठून येणार? मुलीने वही घेतली. तिचं मराठी वाचन दुसरीच्या मुलासारखं, बोट ठेवून. एकेक शब्द वाचायची आणि इंग्रजीत सांगायची. ‘पन्हळी’वर अडली, मी हाताने दाखवलं. शेवटच्या ओळीवर पुन्हा अडली.

“बाबा, काकवी म्हणजे?”

“उसाचा रस आटवून करतात तो पाक.”

तिने सांगितलं. अधिकारी बाई पुढे झुकली. “म्हणजे दिब्ससारखं? तुम्ही पहिल्याच दिवशी हे लिहिलं होतं?”

“पहिल्याच दिवशी.”

“आणि तरीही?”

“तरीही,” मी म्हणालो. मुलगी वहीकडेच बघत राहिली.

मी तिथे बसून दोन पानं लिहून दिली. अधिकारी बाईने बजावलं, की हे माझ्या नावाने कायमचं फाइलला राहील. मी म्हटलं, म्हणूनच आलोय. पण तेवढ्यावर भागणार नव्हतं. खोलीचं नाव बदलायचं तर जमीन उघडून बघायला हवी. आणि ती म्हणाली ते मला आधीपासून माहीत होतं, त्याचीच मला रोज भीती वाटत आली होती. चुन्याचा गिलावा जुन्या जमिनीला थेट चिकटलेला असेल, तर वरचा काढताना खालचा निघून येईल. मग वरंबेही जातील आणि पुरावाही. “एक छोटा चौकोन उघडू,” ती म्हणाली. “निघत नसेल तर लगेच थांबू, आणि मग पाटीचं मी काही करू शकणार नाही. उद्या सकाळी आठला या.”

सकाळी आठला आम्ही पोचलो तर दरवाज्याशी मोठी गाडी उभी होती. अधिकारी बाईने आदल्या दिवशीच किल्ल्यात जन्मलेल्या त्या बाईंना कळवलं होतं. त्या आता ऐंशीच्या पुढच्या, व्हीलचेअरवर, चेहऱ्यावर तोच मुखवटा. चेअर ढकलत होती शाळेच्या गणवेशातली एक मुलगी. ती जेवली नव्हती ती हीच का, हे मी विचारलं नाही.

मी समोर गेलो आणि हात जोडले. “मॅडम, मैं वो ड्रॉइंग वाला.”

त्यांनी मला बराच वेळ न्याहाळलं. “तुम बहुत बूढ़ा हो गया.”

“जी.”

“तुम बोला था इन्शाल्ला.”

“जी, बोला था.”

“तुम्हारा इन्शाल्ला बहुत लंबा है,” त्या म्हणाल्या. चेअर ढकलणाऱ्या मुलीला अरबीत काहीतरी सांगितलं आणि मुलगी फिसकन हसली. “यल्ला. खोलो.”

साखळदंड आदल्या दिवशीच काढून ठेवले होते. भिंतीवर खिळ्यांची भोकं होती. एक कारागीर दक्षिणेच्या भिंतीशी गुडघ्यांवर बसला आणि छोट्या पटाशीने हातभर चौकोन आखून हळूहळू खोदायला लागला. चुना दगडासारखा झाला होता. मी या वेळी शेजारी उभा राहिलो. चार बोटं. मी सांगितलं होतं त्यापेक्षा मिस्त्रीने जास्त घातला नव्हता, कमीही नाही. मग पटाशीचा आवाज बदलला. कारागिराने हात थांबवला, बोट घातलं आणि वर पाहिलं.

“चटाई है,” तो म्हणाला.

चुन्याच्या खाली खजुराच्या पानांची विणलेली चटई होती. किल्ल्याच्या छतांतून आम्ही जुन्या चटया काढल्या होत्या, त्यांतली. तपकिरी, कोरडी, अखंड. कारागिराने चौकोनाचा चुना दोन्ही हातांनी उचलला आणि तो झाकणासारखा निघून आला, खाली चटई धरून. चटईखाली बारीक चाळलेली वाळू. वाळू ब्रशने सरली, आणि वरंबा दिसला. शेजारी सरी. दोन्हीवर एक ओरखडासुद्धा नव्हता.

मी बुरुजावर खोटी मोजणी घेत होतो त्या वेळात, हुकूम पाळता पाळता, मिस्त्रीने हे केलं होतं. जमीन भरली, लेव्हल केली, मी सांगितलं ते सगळं केलं. फक्त ती पुन्हा उघडता येईल अशी ठेवली. त्याने मला ते कधीच सांगितलं नाही. काम संपल्यावर तो गावी गेला. त्याचं पूर्ण नाव मी कधी विचारलं नव्हतं. ड्रॉइंगवर माझं नाव आहे, अहवालावर साहेबांचं. ती जमीन वाचवणाऱ्याचं कुठेही नाही.

म्हाताऱ्या बाईंनी चेअर पुढे घ्यायला लावली आणि वाकून सरीतला काळा थर नखाने खरवडला. नाकाशी नेला. मग बोट गणवेशातल्या मुलीच्या नाकाशी धरलं आणि अरबीत बोलत राहिल्या. मला शब्द कळले नाहीत. त्यांचा हात मात्र बोरी कुठे, दार कुठे, चावी कमरेला कुठे, असा फिरत होता.

मग मला हाक मारली. “मुहंदिस! इधर आओ. अब लिखो. मेरे सामने.”

अधिकारी बाईने माझ्या जुन्या ड्रॉइंगची प्रत आणली होती. मी खिशातून पेन काढलं. उत्तर कोपऱ्यातल्या खोलीवरच्या शब्दावर एक सरळ रेघ मारली, त्याच्यावर नवं नाव लिहिलं, शाईने, पूर्वी लिहायचो तशा सुबक अक्षरांत. खाली सही आणि तारीख. मग आणखी एक ओळ लिहिली: ‘मूळ जमीन मुकादम गवंड्याने चटई घालून जपली. त्याचं नाव नोंदवायचं राहिलं, ही चूक माझी.’

“क्या लिखा? पढ़ो,” त्या म्हणाल्या.

गणवेशातल्या मुलीने चेअरवरून पुढे वाकून वाचलं, आधी इंग्रजीत, मग अरबीत. शेवटची ओळही वाचली. बाईंनी ती पुन्हा वाचायला लावली.

“वो हँसने वाला पठान?”

“जी.”

“उसका नाम ढूँढो,” त्या म्हणाल्या. “इन्शाल्ला मत बोलो. ढूँढो.”

पाटी त्या दुपारी थांबवली गेली. मी घरी आलो तेव्हा नात सोमवारसाठी नवा चार्टपेपर घेऊन बसली होती आणि चित्रात खोलीचं नीट माप हवं का, असं मला विचारत होती. मी म्हटलं, हवं, आणि वही उघडून तिच्यासमोर ठेवली. शारजाला आमच्या जुन्या ऑफिसखालचं गॅरेज अजून आहे, तिथला एक म्हातारा मेकॅनिक त्या पठाणाच्या गावचा होता, असं मला अंधुक आठवतं. उद्या मुलीला सुट्टी आहे. तिने गाडीत पेट्रोल भरून ठेवलंय.